एकशे पंचावन्नची लाइन आणि सतराची कॉपी : जुन्या स्टोरेजचे दर ऑप्टिकल दरांशी जुळवताना पुन्हा पुन्हा येणारी अडचण

मुंबईतील एका कार्यालयाने पुण्यातील आपल्या दुसऱ्या केंद्राकडे रोजचा बॅकअप पाठवण्यासाठी एसटीएम-१ या दर्जाची ऑप्टिकल, म्हणजे काचेच्या तंतूची, लाइन भाड्याने घेतली होती. पाठवणाऱ्या टोकाला अल्ट्रा-२ वाइड स्कझीच्या (स्कझी ही डिस्क संगणकाला जोडण्याची एक पद्धत) डिस्क असलेला जुना सर्व्हर होता. त्याच्या माहितीपत्रकावर ८० हा आकडा होता आणि लाइनच्या करारावर १५५ हा. ऐंशीची डिस्क एकशे पंचावन्नच्या लाइनवर आरामात धावेल, असा हिशेब मांडला गेला. पहिल्या रात्री एफटीपीच्या, म्हणजे फाइल पाठवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, खिडकीत वेग दिसला तो १७.० मेगाबाइट प्रति सेकंद. लाइन देणाऱ्या कंपनीकडे तक्रार गेली, तेव्हा उत्तर आले की करारातला आकडा बिटांचा आहे, बाइटांचा नाही (एक बाइट म्हणजे ८ बिट). कार्यालयाने १५५ ला ८ ने भागून पाहिले, तर १९.४ येत होते. मग दुसरी तक्रार गेली : सतराला आठाने गुणले तर १३६ होतात, तेव्हा उरलेले १९ मेगाबिट कुठे गेले? कंपनीने दोन्ही टोकांना टेस्टर लावला आणि त्यात एकही चूक सापडली नाही. तिसऱ्या आठवड्यात हा पत्रव्यवहार माझ्याकडे आला.

लाइन निर्दोष होती, डिस्कही निर्दोष होती. हरवले काहीच नव्हते : त्या १९ मेगाबिटपैकी बरेचसे वापरासाठी म्हणून कधी उपलब्धच नव्हते, आणि उरलेले मेगाबाइटच्या व्याख्येतून आलेले होते. ही तक्रार गेली अनेक वर्षे वेगवेगळ्या आकड्यांनिशी माझ्यापुढे येत आली आहे, आणि दर वेळी गोम एकच असते : दोन यंत्रणांच्या नावांतले आकडे एकाच गोष्टीचे माप आहेत असे गृहीत धरून त्यांचे रूपांतर केलेले असते. म्हणून आधी हा हिशेब पूर्ण करून दाखवतो आणि मग, हिशेब बरोबर असूनही वेग मिळत नसेल तर दोष कुठे शोधावा, ते सांगतो.

नावातला आकडा नेमका कशाचा?

स्कझीच्या बाबतीत आकडा मेगाबाइटचा असतो आणि तो बसची (उपकरणांच्या सामाईक तारांच्या वाटेची) रुंदी व घड्याळाचा वेग यांच्या गुणाकारातून येतो. १९८६ साली प्रमाणित झालेल्या मूळ स्कझीची बस ८ बिटांची होती आणि समकालिक पद्धतीत ती सेकंदाला ५० लाख वेळा माहिती हलवत असे, म्हणून तिचा दर ५ मेगाबाइट. फास्ट स्कझीत तो १० झाला, अल्ट्रामध्ये २० झाला. वाइड म्हणजे १६ बिटांची बस असल्याने प्रत्येक पायरीला त्याची दुप्पट मिळाली. अल्ट्रा-२ वाइडचे ८०, पुढे अल्ट्रा-१६० आणि अल्ट्रा-३२० हे आकडे त्याच वंशातले. मात्र हा दर बसवर प्रत्यक्ष माहिती वाहत असतानाच्या टप्प्यापुरता असतो. आज्ञा, संदेश आणि स्थिती यांची देवाणघेवाण अल्ट्रा-१६० पर्यंत जुन्या संथ, असमकालिक पद्धतीनेच होत असे. शिवाय बसवर अनेक डिस्क असल्या तर तो दर त्या सर्वांत वाटला जातो, आणि डिस्क एकटीच असेल तर त्या काळातली ती डिस्क बस पूर्ण भरू शकत नसे. म्हणजे ८० ही छताची उंची झाली. खोलीतला माणूस तेवढा उंच असेलच असे नाही.

आयडीई (साध्या संगणकांतली जुनी जोडणी) डिस्कच्या यूडीएमए नावाच्या वेगाच्या पायऱ्यांचे ३३, ६६, १०० आणि १३३ हे आकडेही मेगाबाइटचेच, आणि तेही बसच्या कमाल दराचे.

साटा (आयडीईनंतरची डिस्कची जोडणी) आणि फायबर चॅनल (सर्व्हर व स्टोरेज जोडणारी यंत्रणा) यांच्याकडे आले की आकड्याचा अर्थ बदलतो. पहिल्या पिढीच्या साटावर लिहिलेले १.५ गिगाबिट हे तारेवरून धावणारे बिट आहेत. त्यांत ८बी/१०बी सांकेतीकरण असते, म्हणजे माहितीच्या प्रत्येक ८ बिटांसाठी तारेवर १० बिट पाठवले जातात. म्हणून १.५ गिगाबिटला ८ ने भागून १८७.५ मेगाबाइट काढणे चूक. १० ने भागायचे आणि १५० मेगाबाइट घ्यायचे. फायबर चॅनलची पहिली पिढी तारेवर १.०६२५ गिगाबिटने चालते, त्याचे १० ने भागून १०६.२५ मेगाबाइट होतात, पण बाजारात तिला ‘१०० मेगाबाइटची’ किंवा ‘१ गिगची’ असे दोन्ही गोलाकार आकडे लावून विकले गेले. गिगाबिट इथरनेट याच्या उलट : त्याच्या फायबरवरचा प्रत्यक्ष दर १.२५ गिगाबिट असतो, पण नावात मात्र सांकेतीकरण वजा केल्यानंतरचा १ गिगाबिट लिहिलेला असतो. एकाच प्रकारचे सांकेतीकरण वापरणाऱ्या दोन यंत्रणांपैकी एकीने ते धरून नाव घेतले आणि दुसरीने वगळून घेतले, हे एकदा लक्षात ठेवले की पुष्कळ वाद टळतात.

सोनेट (अमेरिकी) आणि एसडीएच (एसटीएमचे दर ज्यात येतात ते आंतरराष्ट्रीय) या ऑप्टिकल लाइनच्या मानकांची घराणी दूरध्वनीची आहेत. आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घ्यायचे, म्हणून त्यांच्या फ्रेमही सेकंदाला ८००० च. एसटीएम-१ ची फ्रेम ९ ओळी आणि २७० स्तंभांची असते. ९ गुणिले २७० गुणिले ८ बिट गुणिले ८००० म्हणजे १५५.५२ मेगाबिट. अमेरिकी यंत्रांवर याच दराला ओसी-३ म्हणतात. ओसी मालिकेचा पाया ५१.८४ मेगाबिटचा, एसटीएम मालिकेचा १५५.५२ चा, म्हणून ओसीच्या क्रमांकाला ३ ने भागले की एसटीएमचा क्रमांक मिळतो. ओसी-१२ म्हणजे एसटीएम-४, ओसी-४८ म्हणजे एसटीएम-१६, ओसी-१९२ म्हणजे एसटीएम-६४. आपल्याकडील लाइन एसटीएमच्या भाषेत विकली जाते आणि बाहेरून आणलेल्या कार्डावर ओसी छापलेले असते, त्यामुळे ‘एसटीएम-४ मागवली आणि ओसी-१२ चे कार्ड पाठवले, तीन पट मोठे का?’ अशी विचारणा मी स्वतः हाताळली आहे.

इथे एक योगायोग आहे, आणि त्याने चांगल्या चांगल्यांना फसवले आहे. २० मेगाबाइटची अल्ट्रा स्कझी म्हणजे १६० मेगाबिट, आणि ओसी-३ म्हणजे १५५.५२. ८० मेगाबाइटची अल्ट्रा-२ वाइड म्हणजे ६४०, आणि ओसी-१२ म्हणजे ६२२.०८. अल्ट्रा-३२० म्हणजे २५६०, आणि ओसी-४८ म्हणजे २४८८.३२. तिन्ही जोड्यांचे गुणोत्तर १.०२८८ असे हुबेहूब एकच येते, कारण दोन्ही मालिका इथे चौपटीने वाढतात. पाहणाऱ्याला वाटते की या जोड्या एकमेकींसाठीच बनवल्या आहेत आणि तीन टक्क्यांचा फरक सोडला तर डिस्क लाइनला चपखल बसेल. प्रत्यक्षात एक आकडा बसच्या घड्याळातून आला आहे आणि दुसरा टेलिफोनच्या आवाजातून, त्यांचे एकमेकांशी काहीही नाते नाही.

सतराचा हिशेब

एकजण आंबे सालीकोयीसकट तोलतो आणि दुसरा नुसता रस. दोघांचीही वजने खरी असतात, पण भाव एकच लावता येत नाही. लाइनचे १५५.५२ हे सालीकोयीसकटचे वजन आहे. २७० पैकी ९ स्तंभ लाइनच्या स्वतःच्या देखरेखीसाठी जातात, तेव्हा २६१ स्तंभांचे १५०.३३६ मेगाबिट उरतात. त्यातला आणखी एक स्तंभ मार्गाच्या देखरेखीला जातो आणि २६० स्तंभांचे १४९.७६ मेगाबिट खऱ्या वाहतुकीसाठी मिळतात. करारात १५५ लिहिलेल्या कोणत्याही लाइनवर ही कपात होतेच, मग राउटर कोणत्याही कंपनीचा असो.

आता या जागेत राउटर पॅकेट भरतो. १५०० बाइटच्या आयपी पॅकेटमध्ये आयपी व टीसीपी या इंटरनेटच्या नियमावल्यांचे शीर्ष, टाइमस्टॅम्प चालू असल्यास, ५२ बाइट घेतात. म्हणजे फाइलचे १४४८ बाइट उरतात. पॅकेटला पीपीपी या लाइनवरच्या नियमावलीच्या चौकटीत घालताना पत्ता, नियंत्रण आणि प्रोटोकॉल यांचे ४ बाइट, तपासणीचे ४ आणि सीमा दाखवणारा १ असे ९ बाइट वाढतात. त्याखेरीज एक भुरटी कपात आहे, जी बहुतेक हिशेबांत सुटते. सीमेचा बाइट आणि त्याला वाचवणारा बाइट, असे २५६ पैकी २ बाइट माहितीमध्ये आले तर त्यांच्याऐवजी दोन-दोन बाइट पाठवावे लागतात. आधीच संकुचित केलेल्या बॅकअपसारखी माहिती विस्कळीत असते, म्हणून सरासरी १२८ बाइटांमागे एक बाइट, म्हणजे सुमारे ०.८ टक्के वाढ होते. हे सारे धरले तर १४४८ बाइट पोहोचवण्यासाठी लाइनवर सुमारे १५२१ बाइट खर्ची पडतात. १४९.७६ ला या प्रमाणात कमी केले की १४२.६ मेगाबिट येतात, त्याचे ८ ने भागून १७.८२ मेगाबाइट होतात.

मग खिडकीत १७.० का? कारण त्या एफटीपी प्रोग्रॅमचा मेगाबाइट १०,४८,५७६ बाइटांचा होता, दहा लाखांचा नव्हे. १७.८२ ला १.०४८५७६ ने भागा, १७.० मिळतात. हिशेब शेवटच्या दशांशापर्यंत जुळला, आणि कार्यालयाने सतराला आठाने गुणून काढलेले १३६ हे त्यात मेगाबाइटची व्याख्या चुकल्यामुळे आले होते.

त्याच लाइनवर जुन्या पद्धतीने एटीएम (माहितीचे सेल नावाचे छोटे समान तुकडे पाठवण्याची पद्धत) चालवले असते तर चित्र आणखी वेगळे दिसले असते. ५३ बाइटच्या प्रत्येक सेलमध्ये ४८ बाइटच माल असतो. १५०० बाइटचे पॅकेट त्याच्या शीर्ष-शेपटीसह १५१६ बाइटचे होते आणि ३२ सेल व्यापते, म्हणजे लाइनवर १६९६ बाइट. तेव्हा फाइलचा वेग १२७.९ मेगाबिट, अर्थात १६ मेगाबाइटच्या आसपास आला असता, आणि खिडकीत १५.२ दिसले असते. दोन्ही वेळी करारावर आकडा मात्र १५५ चाच राहिला असता.

रूपांतर करून देणाऱ्या साधनांबद्दल

एका खान्यात ‘स्कझी अल्ट्रा-८०’ आणि दुसऱ्या खान्यात ‘ओसी-१२’ निवडले की गुणोत्तर काढून देणारी साधने पुष्कळ आहेत. त्यांतली काही १.०२८८ सांगतात आणि काही १.०७८८. दुसरे उत्तर चुकलेल्या गुणाकारामुळे येत नाही. त्या साधनाने स्टोरेजच्या बाजूचा मेगा १०,४८,५७६ चा आणि नेटवर्कच्या बाजूचा मेगा दहा लाखांचा धरलेला असतो. स्कझी, आयडीई, साटा आणि फायबर चॅनल या सर्वांचे दर घड्याळाच्या वारंवारतेवरून ठरतात, आणि मेगाहर्ट्झ म्हणजे नेहमी दहा लाखच. तेव्हा इंटरफेसच्या दरांसाठी दशमान मेगाच बरोबर, आणि १.०२८८ हेच बरोबर. १९९८ साली आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १०२४ च्या पटींसाठी किबी, मेबी, गिबी ही वेगळी नावे दिली, पण रोजच्या वापरातल्या खिडक्यांवर ती अजूनही क्वचितच दिसतात.

बरोबर उत्तर मिळाले तरी त्याचा उपयोग किती? ते दोन पाट्यांचे गुणोत्तर आहे, दोन यंत्रांचे नव्हे. साधनातून आलेल्या आकड्यावर लाइन मागवू नये, एवढे मी आग्रहाने सांगेन.

मोजण्याच्या साधनांतही हाच घोळ एकाच ओळीत आढळतो. आयपर्फ हे लोकप्रिय साधन वाहून नेलेली माहिती १०२४ च्या पटीतल्या मेगाबाइटमध्ये दाखवते आणि वेग दशमान मेगाबिटमध्ये. म्हणून त्याच ओळीतील पहिल्या आकड्याला ८ ने गुणून सेकंदांनी भागले तर दुसरा आकडा येत नाही, सुमारे पाच टक्क्यांची तूट दिसते. मेगात ४.९ टक्के फरक पडतो, गिगात तो ७.४ टक्के होतो.

हिशेब बरोबर, तरीही वेग नाही

वरच्या रीतीने काढलेला आकडा आणि मोजलेला आकडा यांत दोन-चार टक्क्यांचे अंतर असेल तर दोष शोधत बसू नये. अंतर निम्मे, चतुर्थांश किंवा त्याहून मोठे असेल तर खरोखर काहीतरी बिघडले आहे, आणि तेव्हा डिस्क व लाइन वेगवेगळ्या मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये. डिस्कवरची मोठी फाइल वाचून ती कुठेही न पाठवता टाकून द्यावी आणि वेळ मोजावा. मग डिस्कला हात न लावता मेमरीतून मेमरीकडे, लाइनवरून आयपर्फ चालवावे. या दोन मोजण्यांत जो आकडा लहान येईल, त्या बाजूला दोष असतो. ऐकायला हे बाळबोध वाटते, पण तीन आठवड्यांच्या त्या पत्रव्यवहारात कोणीही हे केलेले नव्हते.

डिस्कची बाजू हळू निघाली तर स्कझी बसवर काय काय जोडले आहे ते पाहावे. अल्ट्रा-२ आणि त्यापुढच्या पिढ्या कमी व्होल्टेजच्या विभेदी पद्धतीने चालतात. त्या बसवर जुन्या, एकेरी पद्धतीचे एक जरी उपकरण जोडले, मग तो कोपऱ्यातला सीडी ड्राइव्ह का असेना, तरी अख्खी बस त्याच्या पातळीला उतरते आणि ८० ऐवजी जास्तीत जास्त ४० मेगाबाइट मिळतात. त्याबरोबर केबलची मर्यादाही १२ मीटरवरून अल्ट्रा वेगाला ३ मीटरवर येते, आणि चारांहून अधिक उपकरणे असतील तर दीड मीटरवर. मग आधी नीट चालणारी लांब केबल अचानक चुका करू लागते, आणि माणूस केबल बदलत बसतो. कार्डाने प्रत्येक उपकरणाशी कोणता दर ठरवला ते यंत्र सुरू होतानाच्या नोंदींत छापलेले असते. लिनक्सवर कर्नेलच्या नोंदींत मेगाबाइट, मेगाहर्ट्झ आणि बसचे बिट असे तिन्ही आकडे दिसतात. तिथे १६ ऐवजी ८ बिट दिसले तर जोडणीच्या पिनांचे रूपांतर करणारा ॲडॉप्टर आणि टर्मिनेटर तपासावेत.

आयडीईच्या यंत्रात ३३ मेगाबाइटच्या वर काही केल्या जात नसेल तर केबल ४० तारांची आहे. ६६ आणि त्यापुढच्या पायऱ्यांना ८० तारांची लागते. विंडोज एक्सपीवर आणखी एक सापळा आहे : सहा चुका साठल्या की ती प्रणाली डिस्कला डीएमएवरून (प्रोसेसरला न गुंतवता माहिती हलवण्याच्या पद्धतीवरून) गुपचूप पायरीपायरीने खाली आणते आणि चुका होतच राहिल्या तर शेवटी पीआयओवर, जिथे सारे काम प्रोसेसर करतो. मग वेग कोसळतो आणि प्रोसेसर मात्र पूर्ण व्यग्र दिसतो. केबल बदलली तरी प्रणाली आपणहून परत वर जात नाही. डिव्हाइस मॅनेजरमधून ती वाहिनी काढून पुन्हा शोधायला लावावी लागते.

पीसीआयची जुनी खाचही विसरू नये. ३२ बिट, ३३ मेगाहर्ट्झच्या पीसीआय बसचा कमाल दर १३३ मेगाबाइट आहे आणि तो त्या बसवरच्या सगळ्या कार्डांत मिळून आहे. फाइल डिस्कच्या कार्डाकडून मेमरीत येते आणि मेमरीतून नेटवर्कच्या कार्डाकडे जाते, म्हणजे तीच बस दोनदा ओलांडते. अशा खाचेत अल्ट्रा-३२० चे कार्ड लावले तरी फाइलला ६६ मेगाबाइटच्या पुढे वाट नाही, आणि व्यवहारात त्याहूनही कमी मिळते.

लाइनची बाजू हळू निघाली तर पहिला प्रश्न अंतराचा. काचेच्या तंतूतून प्रकाशाला एक किलोमीटर जायला ५ मायक्रोसेकंद लागतात. पोच मिळण्याआधी पाठवता येणाऱ्या माहितीला विंडो म्हणतात. ती मोठी करणारे विंडो स्केलिंग नसलेला टीसीपी पोच मिळण्याआधी ६५,५३५ बाइटांहून अधिक पाठवत नाही. मुंबई–पुणे फेरीला यंत्रांसह ३ मिलिसेकंद लागले तर ही मर्यादा २१.८ मेगाबाइटवर बसते, जी एसटीएम-१ च्या पलीकडे आहे, म्हणून त्या कार्यालयाला ती जाणवली नाही. हेच दिल्लीकडे, फेरीचे २८ मिलिसेकंद धरून, चालवले तर २.३ मेगाबाइट मिळतात, आणि लाइन एसटीएम-१ वरून एसटीएम-१६ केली तरी तेवढेच मिळतात. लाइन वाढवूनही आकडा तसूभर हलला नाही, तर समजावे की अडचण लाइनच्या रुंदीची नाही, विंडोची आहे. विंडो स्केलिंगचा उपाय १९९२ पासून प्रमाणित आहे. जुन्या सर्व्हरवर तो बंद असतो किंवा मधली फायरवॉल तो पर्याय पॅकेटमधून काढून टाकते.

फायबर चॅनलला टीसीपी नसला तरी हीच अडचण बफर क्रेडिटच्या, म्हणजे पोच येण्याआधी किती फ्रेम पाठवता येतील या मर्यादेच्या, रूपाने भोवते. १ गिगची लिंक १०० किलोमीटर लांब नेली तर फेरीला १ मिलिसेकंद लागतो, आणि २०४८ बाइट वाहणाऱ्या फ्रेमसाठी सुमारे ५० क्रेडिट असतील तरच ती लिंक भरते. स्विचच्या पोर्टवर १६ च क्रेडिट असतील तर वेग ३२ मेगाबाइटवर अडकतो. इथे दोन पोर्ट शेजारी ठेवून चाचणी घेतली की पूर्ण वेग मिळतो, त्यामुळे उपकरणे पुरवणारा दोष लाइनवर ढकलतो आणि लाइनवाला उपकरणांवर. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात, हीच मोठी पंचाईत.

फायबर चॅनल किंवा गिगाबिट इथरनेट एसडीएचवरून न्यायचे असेल तर हिशेब १४९.७६ मेगाबिटच्या डब्यांत (एका एसटीएम-१ च्या मालाच्या जागेत) करावा. १ गिगच्या फायबर चॅनलमध्ये सांकेतीकरण काढून ८५० मेगाबिट माल असतो. त्याला सहा डबे लागतात, ज्यांचे ८९८.५६ मेगाबिट होतात. पूर्ण गिगाबिट इथरनेटला सात डबे, १०४८.३२ मेगाबिट. एसटीएम-१६ मध्ये सोळा डबे असल्याने दोन गिगाबिट इथरनेट बसतात आणि दोन डबे उरतात. ‘अडीच गिगच्या लाइनमध्ये अडीच गिगाबिट इथरनेट’ असा हिशेब करणाऱ्याला तिसऱ्या जोडणीसाठी फायबर चॅनलही बसवता येत नाही.

लाइन सलग आहे की तुकड्यांची, हेही विचारून घ्यावे. चार एसटीएम-१ एकत्र बांधून दिलेल्या एसटीएम-४ मध्ये एका राउटरच्या एका प्रवाहाला एकाच तुकड्याचे १४९.७६ मेगाबिट मिळतात. सलग एसटीएम-४ मध्ये ५९९.०४ मिळतात. एसटीएम-१ मध्येच २ मेगाबिटच्या ६३ ई-१ वाहिन्या काढलेल्या असतील तर त्यांची बेरीज १२९.०२४ मेगाबिटच भरते. त्याचप्रमाणे १० गिगाबिट इथरनेटचे दोन प्रकार आहेत : साध्या प्रकारात पूर्ण १० गिगाबिट मिळतात, पण एसटीएम-६४ वर बसवलेल्या वॅन (लांब पल्ल्याच्या) प्रकारात ९.२९ गिगाबिटच. यातली सात टक्क्यांची तूट शोधत लोक रात्री जागवतात.

आलेख खोटे बोलतो तेव्हा

कधी कधी कॉपी व्यवस्थित चाललेली असते आणि तक्रार आलेखावरून येते. राउटरमधला बाइट मोजणारा जुना गणक ३२ बिटांचा असतो. तो ४,२९,४९,६७,२९६ बाइटांनंतर पुन्हा शून्यापासून सुरू होतो. भरलेल्या एसटीएम-१ वर, सेकंदाला १८.७२ मेगाबाइटने, हे दर २२९ सेकंदांनी घडते. आलेख काढणारा प्रोग्रॅम गणक दर ३०० सेकंदांनी वाचत असेल, तर मधला एक फेरा त्याच्या लक्षातच येत नाही, आणि तो मोठ्या आत्मविश्वासाने ३५ मेगाबिट दाखवतो. लाइन काठोकाठ भरलेली आणि आलेखावर चतुर्थांशाहूनही कमी! पाच मिनिटांच्या वाचनात ३२ बिटांचा गणक ११४.५ मेगाबिटपर्यंतच विश्वासार्ह असतो, म्हणून ई-१ च्या काळात हा प्रश्न कोणाला पडला नाही. ६४ बिटांचा गणक वाचायला सांगितले, आणि त्यासाठी एसएनएमपी या देखरेखीच्या नियमावलीची दुसरी आवृत्ती वापरली, की आलेख सरळ होतो. राउटरच्या स्वतःच्या पडद्यावरचा दर बहुधा पाच मिनिटांची सरासरी असतो. लहान फाइलची चाचणी घेऊन लगेच तिकडे पाहिले तर तो कमीच दिसणार.

त्या कार्यालयाचे पुढे काय झाले ते सांगतो. बॅकअप ४०० जीबीचा होता, एलटीओ-३ या प्रकारच्या टेपच्या एका काडतुसाएवढा. १५५ हा आकडा मेगाबाइटचा समजून कोणीतरी हे काम पाऊण तासाच्या आत उरकेल असे लिहून दिले होते, १९.४४ मेगाबाइट धरून ५ तास ४३ मिनिटे होत होती, आणि खऱ्या १७.८२ ने ६ तास १४ मिनिटे. रात्रीची मोकळीक आठ तासांची असल्याने लाइन वाढवण्याची गरज नव्हती. मात्र पुण्यातला टेप ड्राइव्ह थेट लाइनवरून भरला जात होता, आणि एलटीओ-३ चा स्वाभाविक वेग ८० मेगाबाइट आहे. येणाऱ्या माहितीप्रमाणे तो मंदावतो खरा, पण १७ पर्यंत उतरत नाही. त्यामुळे टेप थांबत होती, मागे जात होती, पुन्हा पुढे येत होती, आणि अशा घासाघाशीने दोन काडतुसे आधीच वाचनाच्या चुका दाखवू लागली होती. बॅकअप आधी पुण्यातल्या डिस्कवर उतरवून पहाटे तिथूनच टेपवर ओतायला सांगितले. टेपचे काम दीड तासात होऊ लागले आणि लाइन आहे तीच, सतरावरच, राहिली.